मत गावाचं, गटार सुरतेचं

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवली ती नंतर. आधी त्यांनी मला मताधिकार दिला.

लग्न होऊन मी नुकतीच विदर्भातून सुरतेला आले होते. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये कामाला, मला मराठी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागलेली, आणि शहराच्या गोडादरा भागात खोली शोधून शोधून चपला झिजलेल्या. एका चिंचोळ्या तीन मजली बिल्डिंगच्या जिन्यात पांढऱ्या मिशांचा, ताठ कण्याचा एक म्हातारा उभा होता. डिपॉझिट किती, पाणी केव्हा येतं, हे माझे प्रश्न त्याने हातानेच थोपवले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, इथं खोलीला एक मत नाही, माणसाला एक मत आहे. तुमचं वेगळं, साहेबांचं वेगळं. नवऱ्याकडे बघून हात वर करायचा नाही. कबूल असेल तर वर चला."

माहेरी मला टीव्हीचं चॅनेल बदलायचासुद्धा अधिकार नव्हता. मी तिथंच खोली पक्की केली. खोली चांगली नव्हती, हे राहायला आल्यावर कळलं.

सगळे त्यांना आबा म्हणत. पाठीमागे सभापती म्हणत. मूळचे खानदेशचे, तरुणपणी सुरतेला आले, लूमच्या खात्यात राबले. (सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात.) लूमच्या खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि सगळ्या जगाला आपल्याइतकंच ऐकू येतं असा त्यांचा समज होता. आबांनी कानात सांगितलेली गोष्ट समोरच्या किराणावाल्याला आधी कळायची. अशा माणसाने गुप्त मतदानाचा आग्रह धरावा, ही गंमत बिल्डिंगमध्ये सगळ्यांना दिसत होती, फक्त त्यांना सोडून.

तर गुप्त मतदान. महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर सभा. पाण्याची मोटर सकाळी लावायची की संध्याकाळी, जिन्यात सायकल ठेवायची की नाही, दिवाळीला लाइटची माळ घ्यायची की नको, प्रत्येक गोष्टीवर मतदान. "हो"साठी चणा, "नको"साठी शेंगदाणा. दुधाच्या किटलीवर फडकं बांधलेलं, त्यातून हात घालून मत टाकायचं. मोजणी आबा स्वतः करत, प्रत्येक दाणा उजेडात धरून. मोजून झालं की मतं सगळ्यांनी वाटून खायची. एकदा तळमजल्यावरच्या बीडकडच्या बाईंनी खारे शेंगदाणे आणले होते, तर आबांनी ती सगळी मतं बाद केली. त्यांचं म्हणणं, मिठामुळे मतदाराची ओळख फुटते.

एक नियम मात्र फार कडक होता. कुणाला मत दिलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. नवऱ्याने बायकोलाही नाही. विचारलं तर विचारणाऱ्याने अख्ख्या बिल्डिंगला चहा पाजायचा. माझ्या नवऱ्याला पहिल्याच महिन्यात हा दंड झाला, कारण त्याने मला खोलीत, दार लावून विचारलं होतं, आणि मी ते जाऊन सांगितलं. संसाराच्या सुरुवातीलाच हे एक बरं झालं.

मला वाटायचं, हा म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे. मालक माणूस, बिल्डिंग त्याची, मनात येईल ते करेल, वर लोकशाहीचा खेळ खेळेल. पण मग रंगाचं प्रकरण झालं. बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचा होता. आबांना पिस्ता रंग हवा होता. त्यांनी नमुन्याचा पत्रासुद्धा आणून गच्चीवर टेकवून ठेवला होता. पिस्त्याला चणा, गुलाबीला शेंगदाणा असं मतदान झालं, आणि बहुमताने गुलाबी निघाला. बाळाच्या टोपड्याचा असतो तसला गुलाबी. आबांनी दाणे पुन्हा एकदा मोजले. मग उठले आणि स्वतःच्या पैशाने बिल्डिंग गुलाबी करून टाकली. पुढे रोज सकाळी रस्त्यावर उभे राहून भिंतीकडे बघत, आणि "काय घाण रंग आहे" असं ओरडत. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्यांना "गुलाबी बिल्डिंग" म्हणावं लागे तेव्हा तोंड कडू व्हायचं. पण रंग बदलला नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, तुमचीच बिल्डिंग आहे, द्या ना पिस्ता." तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला. प्रेम जरा उशिरा वाटलं, कारण भाडं ते एका दिवसाने उशीर झाला तरी जिन्यातून ओरडून मागत.

गुलाबीच्या बाजूने पडलेल्या शेंगदाण्यांत एक माईंचा होता. माई म्हणजे आबांची बायको. ठेंगणी, गुडघे धरून चालणारी, तोंडाने अहिराणीशिवाय दुसरं न बोलणारी. प्रत्येक मतदानात ती आबांच्या विरुद्ध मत टाकते, हे मला तिनेच भाकरी थापताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे चहा लागू झाला नाही. का, तर म्हणाली, "समदा हा हा म्हनतीन तं त्यासले मजा नही ये." सगळेच हो म्हणाले तर त्यांना मजा येणार नाही, म्हणून.

हे सगळं खूळ आबांना लागलं कुठून, त्याची गोष्ट ते हजारदा सांगत. ऐकणारा नवा असेल तर उभं राहून सांगत. त्यांनी आयुष्यातलं पहिलं मत गावात दिलं. शाळेच्या ओट्यावर रांग होती. आबा रांगेत उभे होते आणि त्यांच्या मागे येऊन उभा राहिला तो गावातला सगळ्यात मोठा जमीनदार. याच माणसाच्या वाड्यात आबांचे वडील सालदार होते, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारे. त्याच्या सावलीतसुद्धा ते उभे राहत नसत. आबा घाबरून बाजूला झाले, "तुम्ही व्हा पुढं" म्हणाले. तर टेबलावरचा कुणी तरी परगावचा मास्तर खेकसला, "ए, नंबर सोडायचा नाही. तुझा नंबर आहे, तूच ये." आणि आबा पुढे गेले. जमीनदार मागे थांबला.

"मी मत कुणाला दिलं ते मला आठवत बी नाही," आबा सांगत. "पण तो माणूस माझ्या मागं उभा होता, ताई. माझ्या मागं!"

तेव्हापासून त्यांची सगळी भक्ती रांगेवर. आणि म्हणूनच, इतकी वर्षं सुरतेत राहून, इथं बिल्डिंग बांधून, इथली मुनसिपालटीची घरपट्टी भरूनसुद्धा त्यांनी आपलं नाव मतदार म्हणून इथं लावलं नव्हतं. नाव गावातच. होती तेवढी जमीन वाटणीत धाकट्या भावाकडे गेली होती, घराची खोली पडली होती. "गावात माझं आता काय राह्यलं? एक मत राह्यलं," असं म्हणत, आणि ते अशा तोऱ्यात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, दहा एकर बागायती राहिली आहे.

खानदेशी लोकांचं हे गावाकडचं मतदान सुरतेत मोठं प्रकरण असतं. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उमेदवार गावाहून लक्झरी गाड्या पाठवतात. गोडादऱ्याच्या चौकात रात्रभर गाड्या लागतात, खिडकीला गावाचं नाव, आत डीजे, वाटेत जेवण, आणि खिशात काय काय ते विचारायचं नाही. अख्खीच्या अख्खी खाती ओस पडतात. शेठ लोक कपाळाला हात लावतात. आबांच्याही गावाची गाडी यायची, "आबा, चला, खिडकीची जागा ठेवली" म्हणून गुलाबी बिल्डिंगखाली हॉर्न वाजायचा. आबा गॅलरीतून ओरडायचे, "गाडीत बसलं का मत गाडीवाल्याचं होतं!" आणि लग्नातला काळा कोट घालून, स्वतःचं तिकीट काढून, एसटीने निघायचे. नवापूरच्या आसपास मागून ती लक्झरी त्यांच्या एसटीला ओलांडून जायची आणि खिडक्यांतून सगळा गाव त्यांना टाटा करायचा. आबा कोटातला हात वर करून उलट टाटा करायचे. त्यांच्या मते हा त्यांचा विजय होता.

माई कधी बरोबर जात नसे. तिचे गुडघे नेमके मतदानाच्या आदल्या दिवशी धरायचे.

एका वर्षी गावची निवडणूक जाहीर झाली आणि चौकात आबांच्या गावाची गाडी आलीच नाही. बाकी गावांच्या आल्या, यांची नाही. आबांना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. "गाव सुधरलं!" जिन्यात उभे राहून त्यांनी घोषणा केली. "आता लोक आपापल्या तिकिटानं चालले!" घरोघर पेढे दिले. किराणावाल्याला दिले, त्याचं मत राजस्थानात, त्याला काही कळलं नाही, पण पेढा त्याने खाल्ला. माईचे गुडघे यंदाही धरले होते. शाळेला सुटी होती, म्हणून माई मला म्हणाली की तू जा सोबत, त्यांना बीपीची गोळी आठवणीने दे. आबांना ते फारच पसंत पडलं. मास्तरीणबाईंनी खरी लोकशाही एकदा बघायलाच हवी, मग पोरांना शिकवता येईल, असं त्यांनी एसटीतल्या सगळ्या प्रवाशांना सांगितलं.

आम्ही गावात उतरलो तर शाळेला कुलूप. ना मंडप, ना पोलीस, ना रांग. ओट्यावर एक शेळी बसली होती. आबांनी घड्याळ पाहिलं, मग कोटाची बटणं पाहिली, आणि म्हणाले, "आपण लवकर आलो."

धाकट्या भावाने चांगलं स्वागत केलं. शेवभाजी, पुरणाचे मांडे, वर तूप. जेवणं संपत येईपर्यंत निवडणुकीचा विषय त्याने काढलाच नाही. मग तूप वाढता वाढता सहज सांगितलं की निवडणूक बिनविरोध झाली. देवळाचा सभामंडप अर्धवट होता. गावाने ठरवलं, सरपंचपदाचा लिलाव करू. देवळासमोर सगळे बसले, बोली लागली, बोअरची मशीन ज्याच्याकडे आहे त्याने सगळ्यात मोठी बोली बोलली. बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले. पैसा देवाला गेला. भांडण नाही, दारू नाही, सुरतेला गाड्या पाठवायचा खर्च नाही.

"समदं एकमतखाल," भाऊ समाधानाने म्हणाला. सगळं एकमताने.

आबांचा घास केव्हाच संपला होता, तरी ते चावतच होते. "एकमतात माझं मत कुठं होतं?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं.

भावाला प्रश्नच कळला नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आबांच्या ताटात आणखी एक मांडा वाढला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही तं सुरतना माणसे."

मला त्या भावाचा अजूनही राग येतो. तो मांडा फार सुंदर होता, याचाही येतो. संध्याकाळी आम्हाला देऊळ दाखवायला नेलं. सभामंडपाला संगमरवरी फरशी, दात्यांमध्ये नव्या सरपंचाचं नाव सोनेरी अक्षरात. जो भेटेल तो खूश. एक तरुण मला म्हणाला, "मॅडम, मत देऊन आजपर्यंत काय भेटलं? लिलाव केला तर मंडप भेटला." नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. आबा देवाच्या पाया पडले, पण मंडपात पाय ठेवला नाही, बाहेरूनच पडले.

परतीच्या एसटीत सोनगढच्या पुढे ते एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "न्याय आहे ना पण. न्याय आहेच."

मग तक्रार झाली. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. लिलाव कसा झाला, कायद्याने तो कसा चालत नाही, सगळं व्यवस्थित. शेवटी पत्ता. मी म्हटलं, "आबा, गावचा पत्ता घालू या. भावाचं घर." ते भडकलेच. "मी राहतो कुठं? गोडादऱ्यात. मग तेच लिहा. न्याय मागायला जायचं अन् पत्ता खोटा द्यायचा?" मी बिल्डिंग, गल्ली, गोडादरा, सुरत असं सगळं लिहिलं. त्यांनी खाली वळणदार सही केली आणि सहीखाली, कुणी न सांगता, "मतदार" असं लिहिलं.

चौकशी झाली. रीतसर झाली. साहेब गावात आले आणि बसायला सगळ्यात गार जागा म्हणून नव्या सभामंडपातच बसले, लिलावाच्या पैशातल्या पंख्याखाली. इथं काही लिलाव झाला का, असं त्यांनी गावाला विचारलं. गाव म्हणालं, नाही, भजन झालं, लोकांनी श्रद्धेने वर्गणी दिली. मग मांड्यांचं जेवण झालं. आबांना चौकशीची नोटीस चौकशी उरकल्यावर मिळाली, आणि त्यापाठोपाठ निकाल आला. तो मी त्यांना गच्चीवर वाचून दाखवला. तक्रारदार गावी राहत नसल्याने गावातील घटनेची त्यास माहिती असणे संभवत नाही, सबब तक्रार निकाली.

"हं," आबा म्हणाले. "पुढं?"

पुढं आणखी एक कागद होता. तक्रारदाराने स्वतःच्याच अर्जात सुरतेचा कायमचा पत्ता दिल्याचे निदर्शनास आल्यामुळे, ग्रामस्थांच्या हरकतीवरून, त्यांचे नाव गावच्या मतदार यादीतून कमी करण्यात आले आहे.

आबांनी कागद माझ्या हातून घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. त्यांनी खरं लिहिलं होतं, आणि सरकारने ते खरं मानलं होतं. खरं मानलेलं तेवढं एकच वाक्य. बाकी सगळं संभवत नव्हतं. मला रडू आलं. आबा मला म्हणाले, "ताई, तुमची चूक नाही. अक्षर चांगलं होतं."

त्यानंतर किटली माळ्यावर गेली. पहिल्या रविवारी आम्ही सवयीने गच्चीवर जमलो. मोटरच्या वेळेवरून दुसऱ्या मजल्याचं आणि तळमजल्याचं जुंपलं होतं. आबा वर आलेच नाहीत. खाली जाऊन विचारलं तर पलंगावरून ओरडले, "लिलाव करा! जो जास्त देईल त्याचं पाणी!" आम्हाला वाटलं चिडले आहेत, उतरेल. पण ते उतरेना. आम्ही आपसात मिटवायला गेलो आणि बीडकडच्या बाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. इतकी वर्षं ज्या चणे-शेंगदाण्यांना आम्ही हसत होतो, त्यांनी काय काम केलं होतं ते तेव्हा लक्षात आलं.

सव्वीस जानेवारीला आबा गच्चीवर झेंडा लावत आणि भाषण करत. भाषण दर वर्षी "नागरिकांनो!" या गर्जनेने सुरू होई, समोर आम्ही मोजकी कुटुंबं आणि वाळत घातलेल्या साड्या. त्या वर्षी झेंडा लावला, सलाम केला, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "भाडोत्रींनो, जिलेबी घ्या." कुणी तरी हसलं. आबा नाही हसले. माझ्या हातात जिलेबी ठेवताना म्हणाले, "मी बी भाडोत्रीच. तठे बी, आठे बी." तिथंही, इथंही.

मी त्यांना सांगून थकले की आबा, इथं नाव लावा, फॉर्म मी भरते, फोटो मी काढते. तर म्हणाले, "या वयात मला नवीन मतदार करता? आजोबाला बालवाडीत घालता का?" आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्यांनी नाव खोडलं त्यांनी आधी म्हणावं, चुकलं. मग मी सही करतो." मी म्हटलं, ते असं कधी म्हणणार नाहीत. "मग मी बी सही करत नाही." एवढ्या मोठ्या देशाने आपली माफी मागावी म्हणून एक म्हातारा गुलाबी बिल्डिंगमध्ये रुसून बसला होता. नातेवाइकांना हे विनोदी वाटायचं. मला अर्धं वाटायचं. देशाला तर पत्ताच नव्हता.

आणि मग सुरतेची मुनसिपालटीची निवडणूक आली. सकाळी मी तयार होऊन खाली उतरले, तर जिन्याशी माई. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात चिठ्ठी. मी विचारलं, "माई, कुठं?"

"मत द्यावाले," ती म्हणाली.

तिचं नाव इथं होतं. बरीच वर्षं होतं. एकदा बिल्डिंगसमोरचं गटार तुंबलं तेव्हा ती तक्रार करायला गेली होती, तर तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला की काकी, मत इकडे आहे का. ती परत आली, शेजारच्या गुजराती बाईकडून फॉर्म भरून घेतला, आणि आबांना कळू दिलं नाही. दर वेळी आबा खात्यात किंवा चहाच्या टपरीवर असताना मत देऊन यायची आणि बोटाला हळद चोळायची. गावच्या मतदानाला तिचे गुडघे का धरायचे, ते तेव्हा मला कळलं.

आबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, त्यांना जेवढं ऐकू येतं तेवढं. माईने मान वर केली आणि म्हणाली, "गटार आठे तुंबस, मत तठे कसाले ठेवू?"

आबा आत गेले. मला वाटलं, आता दार लागणार. तर काळा कोट घालून बाहेर आले. "चल," माईला म्हणाले, "मी सोडतो."

शाळेत दोन रांगा होत्या, बायकांची आणि पुरुषांची, शेजारी शेजारी. माई आणि मी आमच्या रांगेत लागलो. मला वाटलं आबा झाडाखाली बसतील. वळून बघते तर आबा पुरुषांच्या रांगेत. कोटाची सगळी बटणं लावलेली, हात पाठीमागे. त्यांच्या पुढे मिलचा एक उडिया कामगार, मागे मोटारीतून उतरलेला, गळ्यात जाड साखळी असलेला कुणी शेठ. शेठ फोनवर होता. रांग पुढे सरकली की आबा एक पाऊल पुढे, आणि मग मागे वळून बघत, शेठ आला का. यायचा. आबांच्या तोंडावर जे काही होतं ते मी गावाहून आल्यापासून पाहिलं नव्हतं.

दाराशी पोलिसाने हात केला. "काका, चिठ्ठी?"

"नथी," आबा म्हणाले, आणि अख्ख्या शाळेला ऐकू गेलं. "नाम ज नथी."

"नाम नथी तो लाइनमां केम ऊभा छो?" नाव नाही तर रांगेत का उभे, असं पोलिसाने विचारलं.

आबांनी त्याच्याकडे, मास्तराने मठ्ठ पोराकडे बघावं तसं बघितलं. "लाइनमां ऊभा रहेवा माटे नाम जोईए?" त्यांनी विचारलं.

रांगेत उभं राहायला नाव लागतं का, हा प्रश्न पोलिसाने आत सरकवला. त्याने आत टेबलाशी बसलेल्या अधिकारी बाईंकडे पाहिलं. बाई तरुण होत्या, भल्या होत्या. त्या उठून आल्या, म्हणाल्या, काका, बाहेर फोटो काढायची जागा केली आहे, हवं तर बोटाला थोडी शाई लावून देते, फोटो काढा. आबा दोन पावलं मागे सरले. "न दिलेल्या मताची शाई नको, बेन," ते म्हणाले, आणि मागच्या शेठला हाताने वाट करून दिली. रागाने नाही, अगदी अदबीने.

आम्ही मत देऊन बाहेर आलो तर ते फाटकाशी उभे होते. माईने बोट या वेळी लपवलं नाही. आबांनी तो हात आपल्या हातात घेतला, शाई उन्हात धरून पाहिली, जसा चणा धरत तशी. आणि मग, कसं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोणले दिधं?" कुणाला दिलं?

माईने हात सोडवून घेतला. "ते काय सांगतस? पाजा आते समदासले च्या!"

आबा आधी चपापले. मग हसायला लागले. त्यांचं हसूही लूमच्या मापाचं होतं, फाटकावरचे पोलीस वळून बघायला लागले. "पाजतो," ते डोळे पुसत म्हणाले. "चुकलं माझं. अख्ख्या बिल्डिंगला चहा पाजतो. संध्याकाळी गच्चीवर या सगळे. माळ्यावरची किटली काढून ठेवा, ताई."

मी म्हटलं, चला मग, ऊन लागतंय.

"तुम्ही व्हा पुढं," आबा म्हणाले. पुरुषांची रांग आता रस्त्यापर्यंत आली होती. त्यांनी कोट खाली ओढून नीट केला, चालत चालत रांगेच्या पार टोकाला गेले, आणि शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन पुन्हा उभे राहिले.